मागच्या सीटखाली दाबलेली बकलं

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री, मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, मा. परिवहन आयुक्त आणि प्रवासी गाड्या बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे प्रमुख यांस,



कराडला हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून माझं गाड्यांची सीट कव्हरं शिवून बसवायचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. आपल्याला पत्र लिहावं एवढा मी मोठा माणूस नाही. पण जे सांगायचं आहे ते माझ्या हातून घडलेलं आहे, आणि माझ्या धंद्यातलं कुणी ते आपल्याला सांगायला येईल असं वाटत नाही, म्हणून लिहितो.

या बावीस वर्षांत मी हजारो गाड्यांच्या मागच्या सीट बेल्टची बकलं कव्हराखाली दाबून टाकली.

कसं होतं ते सांगतो. मागच्या सीटची बैठक आणि पाठ यांच्या फटीत ही बकलं उभी असतात. बैठक पुढच्या बाजूनं उचकटली की क्लिपांतून सुटते. तिच्यावर कव्हर चढवायचं, खालून इलॅस्टिकचे हुक ओढून घ्यायचे आणि बैठक परत जागेवर ठोकायची. बकलं बाहेर ठेवायची तर कव्हराला नेमक्या जागी चिरा द्याव्या लागतात. चिरेच्या कडा दुमडून शिवल्या नाहीत तर रेक्झिन तिथून फाटत जातं. तीन बकलांचं हे काम नीट करायला अर्धा-पाऊण तास जातो. करायचं नसेल तर बकल बोटानं खाली ढकललं की झालं. सीट सपाट, गुळगुळीत दिसते आणि गिऱ्हाईक खूश होतं.

बहुतेक वेळा गिऱ्हाईकच सांगतं. "मिस्त्री, ती मागची बकलं टोचत्यात, आत घाला." कुणी विचारतं, "मागं कोण बांधतंय?" टॅक्सीवाले तर चाव्या देतानाच सांगून जातात. मी कधी नाही म्हटलं नाही. मला त्यात काही चुकतंय असंही वाटलं नाही.

करोनाच्या आदल्या वर्षी दिवाळीत एक हायस्कूलचे शिक्षक नवी गाडी घेऊन आले. आमच्याच भागातले, ओळखीचे. म्हणाले, "आईच्या कमरेला त्रास आहे, तिला मागं जरा मऊ वाटलं पाहिजे." मी मागच्या बैठकीवर दीड इंच जादा फोम टाकला. क्रीम रंगाचं कव्हर, त्याला तपकिरी पाइपिंग. बकलं अर्थातच आत गेली. काम इतकं सुरेख झालं होतं की मी त्याचा फोटो काढून दुकानात लावला.

माघातल्या एका लग्नाहून परत येताना त्या गाडीला अपघात झाला. रात्रीची वेळ. रस्त्याच्या कडेला मालट्रक उभा, मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला. गुरुजींनी ब्रेक मारला, पण अंतर उरलं नव्हतं. पुढच्या दोघांनी पट्टे बांधले होते, कारण न बांधल्यास गाडी टिंग टिंग वाजत राहते. एअरबॅग उघडल्या. गुरुजींचं गळपट्टीचं हाड मोडलं, बाकी ते शुद्धीवर होते. मागं आई आणि कॉलेजातली मुलगी. दोघी मोकळ्या. आई पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळल्या आणि त्यांच्या वजनानं ती पाठ पुढं वाकली. त्या सीटवर पट्टा बांधून बसलेल्या सूनबाईंच्या चार बरगड्या मोडल्या, त्या पुढून लागून नव्हे, मागून आलेल्या सासूबाईंच्या अंगानं. मुलीचा जबडा मोडला.

क्रेननं गाडी माझ्या शेजारच्या डेंटिंगवाल्याच्या शेडमध्ये आणून टाकली. संध्याकाळी दुकान बंद करून मी तिकडे गेलो. पुढच्या डाव्या सीटची पाठ अशी झुकली होती, जसा कुणी वाकून जमिनीवरचं काही उचलतंय. मागची सीट मात्र धड होती. माझी शिलाई एका टाक्यालाही उसवली नव्हती. मी बैठक उचकटली. खाली तिन्ही बकलं, मी दाबली होती तशीच, आडवी पडलेली होती.

लॉकडाऊन सैल झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. आई जगल्या होत्या, पण मानेच्या मणक्याला मार बसलेला. खांद्याखाली काही हलत नव्हतं. खिडकीजवळ कॉटवर झोपवलेल्या. मला ओळखलं आणि म्हणाल्या, "तू शिवलेली कव्हरं लई मऊ होती बघ." गुरुजी मला सोडायला फाटकापर्यंत आले. मी काहीतरी बोलायला लागलो तर म्हणाले, "मीच सांगितलं होतं की तुम्हाला." त्या घरातलं कुणी मला आजतागायत एक वाकडा शब्द बोललेलं नाही.

त्या दिवसापासून मी बकलं आत घालायचं बंद केलं. त्या दिवसापासूनच मी वाचायलाही लागलो, जे आधी वाचायला हवं होतं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम मागच्या, पुढं तोंड करून असलेल्या सीटवरच्या प्रवाशानंही पट्टा बांधावा असं सांगतो. हा नियम कालपरवाचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या १९४ ब कलमात पट्टा न बांधल्यास १,००० रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या खास सीटशिवाय बसवलं तरी तेवढाच दंड आहे. म्हणजे माझ्या दुकानात रोज होत होतं ते काम कायद्याच्या नेमकं उलट होतं, आणि दुकान हायवेवर, पोलीस चौकीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. बावीस वर्षांत मला एकाही अधिकाऱ्यानं विचारलं नाही की बाबा, बकलं कुठं गेली?

केंद्रीय मंत्री साहेब, आपल्याच मंत्रालयाचा आकडा आहे: २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. पट्टा न बांधलेले म्हणून ज्यांची नोंद झाली ते १६,७१५. त्यांत चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ निम्मे निम्मे. चालकाला पट्टा बांधायला लावायला आवाज आहे, कॅमेरा आहे, चौकातला हवालदार आहे. प्रवासी, आणि त्यातही मागं बसलेला, कुणाच्याच नजरेत येत नाही. एक्स्प्रेस वेवरच्या कॅमेऱ्याला काचेतून पुढचे दोघे दिसतात. आणि हे झाले मेलेले. कॉटवर पडलेल्या आईंची मोजदाद 'जखमी' या एका शब्दात संपते. त्याच वर्षी असे जखमी ४,४३,३६६ होते. त्यातले किती जण परत कामावर उभे राहिले आणि किती खिडकीजवळ झोपून राहिले, ते त्या आकड्यातून कळत नाही.

लोकांचा समज असा की पुढं बसलेल्याला काच असते, मागं बसलेल्याला पुढची सीट असते, हातानं धरलं की झालं. गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली असताना एकदम थांबली, तर आतला मोकळा माणूस त्याच वेगानं पुढं जात राहतो. तिसऱ्या मजल्यावरून पडलेला माणूस साधारण याच वेगानं जमिनीवर येतो. ८० चा वेग असेल तर आठवा मजला. आठव्या मजल्यावरून पडताना हातानं कठडा धरून कुणी वाचत नाही. पट्टा काय करतो, तर तो माणसाला गाडीशी बांधतो. गाडीचा पुढचा भाग चेपत असतानाच अंग हळूहळू थांबायला लागतं, आणि जो जोर बसायचा तो खांदा, छातीचा पिंजरा आणि कमरेचं हाड यांच्यावर वाटला जातो. ही हाडं तो सहन करू शकतात. मान आणि पोट करू शकत नाहीत.

म्हणूनच खालचा पट्टा कमरेच्या हाडावर, मांडीच्या मुळाशी बसला पाहिजे, पोटावर नाही. इथं माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण ती कुठल्या परिपत्रकात सापडणार नाही. बैठकीवर जाड फोम किंवा गादी टाकली की माणूस वर उचलला जातो आणि मऊ जागेत रुतून बसतो. पट्टा कमरेवरून सरकून पोटावर येतो. धडकेत तो माणूस पट्ट्याखालून पुढं घसरतो आणि पट्टा पोटातल्या आतड्यांवर, यकृतावर जातो. म्हणजे मी गुरुजींच्या गाडीची बकलं बाहेर ठेवली असती तरी तो दीड इंच फोम घातकच होता. हे मला कुणी शिकवलं नाही. ज्या इंजिनिअरांनी ती सीट बनवली त्यांनी तिची उंची, तिचा उतार, पट्ट्याचा कोन सगळं मोजून ठेवलेलं असणार. मी फूटपट्टी आणि कात्री घेऊन ते मोडत होतो.

तीच गोष्ट सीटच्या कडेतून उघडणाऱ्या एअरबॅगची. ती सीटच्या पाठीतून बाहेर पडते आणि तिला वाट मिळावी म्हणून कंपनी त्या जागी मुद्दाम कच्चा दोरा वापरते. आम्ही तिच्यावर जाड रेक्झिन पक्क्या दोऱ्यानं शिवतो. कडेला कच्ची शिलाई असलेली कव्हरं मिळतात, पण महाग. गिऱ्हाईकांना मी समजावतो तेव्हा निम्मे ऐकतात आणि निम्मे शेजारच्या दुकानात जातात.

३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे साहेब गेले. मंत्रिपदाची शपथ घेऊन आठ दिवस झाले होते, बीडला सत्काराला निघाले होते, दिल्लीत विमानतळावर जाताना दुसऱ्या गाडीची धडक बसली. ते मागच्या सीटवर होते. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री, स्वतः डॉक्टर असलेले हर्षवर्धन यांनी जाहीरपणे सांगितलं की पट्टा असता तर ते वाचले असते. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. माझ्या दुकानात मात्र दुसऱ्या दिवशी तीन गाड्यांची बकलं आत गेली.

४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर. गाडी महागडी, सुरक्षेसाठी नावाजलेली. गाडीत चौघं होते. पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले. मागचे दोघे, ज्यांनी पट्टे बांधले नव्हते, ते गेले. एकाच गाडीत, एकाच धडकेत, दोन रांगांत एवढा फरक. त्यानंतर तीन आठवडे माझ्याकडे लोक येत होते. "मिस्त्री, ती मागची बकलं बाहेर काढा बरं." मी रोज पाच-सहा गाड्यांची काढत होतो, आणि मला खरंच वाटलं की आता हे बदलणार. १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला. पण त्याआधीच, नवरात्र संपेपर्यंत आमच्याकडची गर्दी ओसरली होती. दिवाळीत पुन्हा पहिलंच वाक्य ऐकू आलं.

म्हणून लोकांच्या मनावर हे सोडू नका. मोठा माणूस गेला की लोक महिनाभर घाबरतात. तेवढ्या महिन्यात जे कायमचं करता येतं ते आपणच करू शकता.

परिवहन आयुक्त साहेब, पहिली विनंती आपल्याला. टॅक्सी, जीप, मिनीबस या गाड्या पासिंगला आरटीओत येतात. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. इन्स्पेक्टर दिवे बघतात, हॉर्न बघतात, ब्रेक बघतात, टायर बघतात. माझं अर्धं गिऱ्हाईक हेच गाडीवाले, त्यामुळे पासिंगच्या आदल्या दिवशी काय काय दुरुस्त होतं ते मी जाणतो. मागचे पट्टे त्यात कधीच नसतात. इन्स्पेक्टरांनी मागचं दार उघडून, सीटवर बसून, प्रत्येक पट्टा ओढून बकलात लावून बघावा. खट् असा आवाज आला तर पास, नाहीतर परत. एका गाडीला दोन मिनिटं लागतात. हा एक नियम पाळला गेला तर चार महिन्यांत या जिल्ह्यातल्या एकाही टॅक्सीत बकल आत राहणार नाही, कारण ते सगळे आमच्यासारख्यांच्या दारात येऊन उभे राहतील. खाजगी गाडी मात्र एकदा नोंदली की पंधरा वर्षं आरटीओचं तोंड बघत नाही. तिच्यासाठी आम्हाला धरा. सीट कव्हर विकणाऱ्या, शिवणाऱ्या प्रत्येक दुकानावर बंधन घाला की बकलाच्या जागी चीर नसलेलं कव्हर बसवायचं नाही. आम्हाला परवाना लावा, तपासायला या. माझ्या धंद्यातले लोक माझ्यावर रागावतील, पण मी हे पूर्ण विचार करून लिहितोय.

मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना आदेश देऊन एक वस्तू विकायला बंदी केली. ती म्हणजे बकलात खुपसायची खोटी पट्टी, जी लावली की पट्टा न बांधताही गाडी वाजायची थांबते. तेव्हा अशा १३,११८ जाहिराती काढून टाकल्या गेल्या. चांगलं काम झालं. पण ती पट्टी आजही घाऊक बाजारातून डझनावर येते, आणि गाडीच्या कंपनीचं बोधचिन्ह छापून येते. काउंटरवर परफ्यूमच्या बाटल्यांशेजारी मांडलेली असते. मीही विकली आहे. मोबाइलच्या पडद्यावर बंदी झाली, तशी दुकानाच्या काउंटरवर झाली पाहिजे.

गाड्या बनवणाऱ्या साहेबांना माझं वेगळं सांगणं आहे. १९५९ साली निल्स बोलिन नावाच्या इंजिनिअरनं व्होल्वो कंपनीत आजचा तीन टोकांचा पट्टा तयार केला, आणि त्या कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्या जगाला मोकळं करून दिलं. कुणीही वापरा म्हणाले. तुम्ही विकता त्या प्रत्येक गाडीतला पट्टा त्या दिलदारीतून आलेला आहे. मग मागच्या सीटच्या वेळीच हात आखडता का घेता? कितीतरी गाड्यांत पुढचं बकल ताठ दांड्यावर उभं असतं, डोळे मिटूनही हाताला लागतं. मागचं नुसत्या पट्टीच्या तुकड्यावर लोंबतं आणि माझा कारागीर हात लावायच्या आधीच सीटखाली गडप झालेलं असतं. मागचंही ताठ करा. ताठ बकल कव्हराखाली दाबता येत नाही, हे मी कारागीर म्हणून सांगतो. पुढच्यासारखाच मागच्या प्रत्येक जागेला आवाज द्या, आणि तो सगळ्यांत स्वस्त गाडीतही द्या, कारण आमच्याकडे तीच जास्त विकली जाते. आणि आपल्या शोरूमना सांगा. नवीन गाडीचा ताबा देताना फुकट कव्हर बसवून देतात, त्यात बकलं गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. गिऱ्हाईकानं हार घालून, नारळ फोडून गाडी घरी नेली तेव्हाच तिचे मागचे पट्टे निकामी झालेले होते.

आता गाड्यांना सुरक्षेचे तारे मिळतात. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप नावाच्या संस्थेनं भारतातल्या पाच खपाऊ गाड्या आपटून पाहिल्या आणि पाचही शून्यावर आल्या, तेव्हा आम्ही दुकानात तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला होता. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली, पाच ताऱ्यांच्या गाड्या आपल्याकडे बनू लागल्या, याचा मला अभिमान आहे. पण ज्या पुतळ्यांना घेऊन गाडी ६४ च्या वेगानं आपटतात, त्या पुतळ्यांना पट्टा बांधलेला असतो. मागं दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे असतात, तेही मुलांच्या सीटमध्ये बांधलेले. तारे मिळतात ते बांधलेल्या माणसांच्या गाडीला. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन सांगतं, "फाइव्ह स्टार आहे, मागं काही बांधायची गरज नाही." ही समजूत आपल्या जाहिरातींनी दूर करायला हवी. जाहिरातीत गाडी धुक्यातून घाट चढताना दिसते; एकदा तिच्यात मागं बसलेल्या आजीला नातू पट्टा बांधून देतोय असं दाखवा.

मुलांच्या सीटबद्दल फार लिहीत नाही. माझ्या दुकानात वर्षाला दोन विकल्या जातात. बाकी पोरं आईच्या मांडीवर, तेही पुढं, एअरबॅगच्या समोर.

परिवहन मंत्री साहेब, आता वडापबद्दल. आमच्या भागात गावाला जायचं म्हणजे वडाप, माणसं भरून नेणारी जीप. नऊ जणांच्या जीपमध्ये पंधरा, मागच्या आडव्या बाकांवर समोरासमोर तोंडं करून आठ, त्यातल्या दोघांचे पाय बाहेर. त्या आडव्या बाकांना मी फक्त रेक्झिन बदलून देतो. पट्टा नाहीच, बकल दाबायचा प्रश्नच नाही. बाजाराच्या दिवशी त्यात शाळेची पोरं असतात, डोक्यावरून पदर घेतलेल्या म्हाताऱ्या बाया असतात, लसणाची पोती असतात. पट्टा बांधा असं त्यांना सांगायला मला तोंड नाही. तीन माणसांत दीड सीट आली तर कोण काय बांधणार? ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली, बायकांना तिकीट निम्मं झालं. एसटी मोफत झाली त्या दिवशी माझ्या आईनं देवापुढं साखर ठेवली होती. पण आमच्या गावाकडे संध्याकाळी सहानंतर एसटी नाही. मोफत तिकीट घेऊन ती वडापमध्येच बसते. आपण त्या वेळेला एक गाडी सोडा. प्रवाशाला इजा होऊ नये यासाठी माझ्या आईपुरता तरी तोच सगळ्यांत मोठा उपाय आहे. तोवर निदान त्या आडव्या बाकांवर किती माणसं बसवायची याची मोजणी नाक्यावर व्हावी. आज मोजणी होते ती दुसऱ्याच कशाची तरी.

रस्त्याच्या कडेला विनादिव्याचे उभे असलेले ट्रक, त्याचंही कुणीतरी बघावं. गुरुजींची चूक एवढीच होती की त्यांना तो दिसला नाही.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होतो. मी सरकारी गाड्यांचीही कव्हरं शिवली आहेत. प्रांत, बीडीओ, मोठमोठ्या साहेबांच्या गाड्या. पांढरं कापड, कडक इस्त्री, आणि मागच्या सीटवर पाठीला व बैठकीला पांढरा टॉवेल. साहेब मागं बसतात. त्या टॉवेलाखाली मी बकलं दाबलेली आहेत, ड्रायव्हर भाऊंनी सांगितलं म्हणून, साहेबांना टोचतं म्हणून. आपण हे पत्र वाचाल त्या दिवशी घरी जाताना गाडीत बसल्यावर तो टॉवेल उचला आणि सीटच्या फटीत हात घालून बघा. बकल हाताला लागलं तर बांधा. नाही लागलं तर ते कुणीतरी माझ्यासारख्यानं दाबलेलं आहे, आणि या गादीवर बसलेला माणूस राज्यातल्या बाकी सगळ्यांच्या सीटचा नियम ठरवतो, म्हणून मला ते जास्त लागतं. आपल्या घरचे लोक आपली वाट बघत असतात. मुंडे साहेबांचीही बीडला लोक हार घेऊन वाट बघत होते.

गेल्या गुढीपाडव्यापासून मी दुकानाबाहेर फळा लावला आहे: मागची बकलं फुकट बाहेर काढून मिळतील. जुनं कव्हर असलं तरी चालेल, मी चीर देऊन कडा शिवून देतो, पैसे घेत नाही. आतापर्यंत एकशे बासष्ट गाड्या झाल्या. वहीत नंबर लिहून ठेवतो. बैठक उचकटली की खाली काय काय सापडतं: कानातल्याचा एक खडा, सुटे पैसे, बिस्किटांचा चुरा, पोराची हरवलेली खेळण्यातली गाडी, एकदा तर कुणाचं तरी लग्नातलं कुंकवाचं डबुलं. गुरुजी मधे येऊन गेले. त्यांनी आता दुसरी गाडी घेतली आहे, आईंना तपासणीला न्यायला. आईंची खुर्ची आत बसेल अशी जागा करून मागितली, पट्ट्यासहित. ते काम मी अजून करतोय. आईंची मान सरळ राहील आणि पट्टा कमरेवरच बसेल असा उतार अजून साधलेला नाही.

परवा एक वाहन आलं. अकरा वर्षांचं, दोन हात फिरलेलं, तिसऱ्या मालकाकडे आलेलं. मागची बैठक काढली तर मधल्या पट्ट्याची घडी कारखान्यातून निघताना घातली होती तशीच होती, आणि तिच्यावर तिथंच बांधलेलं रबर बँड. मी हात लावला तसं ते रबर कुजून तुटलं.

आपला,
कराडचा एक सीट कव्हरवाला